मेडिकलमधून औषध घेताना बिलावरचा बॅच नंबर बघता का?

कृष्णाकाठ

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट. सांगलीत आमचं मेडिकल आहे आणि काउंटरवर मी स्वतः असते. हा धागा एकाच आग्रहासाठी काढतेय: औषध घेतलं की बिल घ्या, आणि त्यावर बॅच नंबर (एका खेपेत बनवलेल्या मालाला उत्पादक देतो तो क्रमांक) आणि एक्सपायरी आलीय का ते दुकानातून निघायच्या आधी बघा.

कारण सांगते. २०२५ च्या ऑक्टोबरात कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपचं प्रकरण बाहेर आलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून जास्त लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. तमिळनाडूच्या सरकारी तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. चालण्याजोगं प्रमाण आहे ०.१ टक्का. आपल्या अन्न व औषध प्रशासनाने, आम्ही ज्याला एफडीए म्हणतो, इशारा काढला. त्यात बॅच दिली होती: एसआर-१३, उत्पादन मे २०२५, मुदत एप्रिल २०२७.

त्या आठवड्यात आईवडिलांचे फोनवर फोन येत होते. "ताई, मागे खोकल्याचं औषध नेलं होतं, ते हे तर नव्हे?" आमच्याकडून नेलेलं असेल तर संगणकात बघून लगेच सांगता येत होतं. पण कुणी प्रवासात घेतलेलं, कुणी गावाकडे. बाटली फेकून दिलेली, आणि बिल म्हणजे चिटोऱ्यावर नुसतं "सिरप" आणि रक्कम. त्या आईला मी काय सांगणार? इशारा कितीही तातडीने निघू दे, तो तुमच्या घरातल्या बाटलीपर्यंत पोचतो तो बॅच नंबराच्या आधारानेच.

आमच्या बाजूने काम असं चालतं. स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडून, खोका आला की त्याच्या बिलावरची बॅच आणि डब्यावर छापलेली बॅच जुळवून बघायची, मगच माल रॅकला लावायचा. एखादा अंक जरी जुळला नाही तरी तो डबा बाजूला ठेवायचा आणि स्टॉकिस्टला फोन करायचा. हे नीट झालेलं असलं की उद्या एखादी बॅच परत मागवली तर किती आली, किती गेली, किती शिल्लक आहे हे लगेच कळतं. कुणाच्या घरी गेली हे मात्र गिऱ्हाइकाच्या बिलावरूनच कळतं, आणि नेमकं तेच बिल बहुतेक ठिकाणी दिलं जात नाही, मागितलंही जात नाही.

तुमचे अनुभव लिहा. प्रश्न असतील तर मला माहीत आहे तेवढं सांगेन.

संत्रानगरी

कृष्णाकाठ ताई, धाग्यासाठी मनापासून आभार. मी नागपूरचा. छिंदवाड्याची, परासियाची माणसं मोठ्या दुखण्याला आमच्याकडेच येतात, त्यामुळे ती लेकरं आमच्या शहरातल्या दवाखान्यांत डायलिसिसवर होती. ते दिवस आम्ही फार जवळून पाहिले. साधा सर्दीताप होता त्यांना.

माझा प्रश्न असा: मेडिकलवाल्याला औषध खराब आहे हे कळायला काही मार्ग असतो का? त्यानं तपासून विकायला नको का?

कृष्णाकाठ

संत्रानगरी दादा, डायएथिलीन ग्लायकॉल बघून, हुंगून, चाखून ओळखता येत नाही. ते गोडसर, रंगहीन असतं. सिरपमध्ये औषध विरघळवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. कच्चा माल औषधी दर्जाचा न घेता कारखान्यांतल्या वापराचा घेतला तर त्यातून हे विष शिरतं. तपासणी करायची जबाबदारी उत्पादकाची, प्रत्येक पिंपाची. त्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी सरकारी औषध निरीक्षकांची आणि प्रयोगशाळांची.

मग दुकानदाराच्या हातात काय उरतं? परवाना असलेल्या घाऊक विक्रेत्याकडूनच आणि बिलानेच माल घेणं. कुणीतरी गाडीवरून येऊन "स्वस्तात देतो, बिल नको" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवणं. माल सांगितलेल्या तापमानाला ठेवणं. आणि परत मागवलेली बॅच त्याच दिवशी रॅकवरून उतरवून वेगळी ठेवणं. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला अप्रमाणित निघालेल्या औषधांची यादी बॅच नंबरांसह जाहीर करते. ती यादी आपल्या साठ्याशी ताडून बघणं हे दुकानदाराचं काम आहे, आणि ते न करण्याला कुठलीही सबब चालत नाही असं माझं मत आहे.

संत्रानगरी

समजलं. बिलाशिवायचा माल म्हणालात त्यावरून आठवलं. आमच्याच जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्या होत्या. २०२४ मध्ये पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं, त्यात गोळ्यांमध्ये टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचं म्हटलं होतं. ज्याला न्यूमोनिया झालाय त्याच्या पोटात पीठ जात होतं. चीड येते.

जुनाचाळकरी

या सगळ्यात एक मोठी जखम मुंबईची आहे, ती नव्या लोकांना माहीत असावी म्हणून लिहितो. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा आणि डोळ्यातला दाब कमी करायला त्यांना ग्लिसरॉल दिलं जायचं. त्या ग्लिसरॉलमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, १९८८ मध्ये अहवाल आला. रुग्णालयाची खरेदी, पुरवठादार, एफडीए, मंत्रालय, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलो होतो, रोज सकाळी वर्तमानपत्रात आयोगापुढच्या साक्षी वाचायचो.

तेच रसायन, तेच मूत्रपिंड निकामी होणं, आणि मध्ये जवळपास चाळीस वर्षं. लोकांना बिलं घ्यायला सांगताय ते योग्यच आहे, पण उत्पादकाच्या दारात निरीक्षक किती वेळा जातो हा प्रश्न मागे पडता कामा नये.

कृष्णाकाठ

जुनाचाळकरी काका, शंभर टक्के सहमत. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे उत्पादनाचे दर्जाचे नियम, डिसेंबर २०२३ मध्ये निघालेत. त्यांची अंमलबजावणी लहान कारखान्यांपर्यंत पोचणं हाच खरा उपाय आहे. बिल घेतल्याने विष बनायचं थांबत नाही. विष बाजारात आलंच तर ते कुणाकुणाच्या घरात आहे हे तासाभरात कळावं, एवढ्यासाठी मी भांडतेय.

मोकळीवाट

ताई, राग मानू नका, पण हे सगळं पगारदार माणसांचं बोलणं आहे. मी बांधकामावर मुकादम आहे. आमची माणसं अंग दुखलं की दोन गोळ्या घेतात. चार रुपये, सहा रुपये. मेडिकलवाला स्ट्रिप कापून देतो. त्याचं कसलं बिल आणि कसला बॅच? आणि बिल मागितलं की तो असा बघतो जणू आपण त्याची तक्रार करायला आलोय.

कृष्णाकाठ

मोकळीवाट दादा, राग कसला. तुमची माणसंच सगळ्यात जास्त उघड्यावर आहेत म्हणून तर हे सांगायचं.

स्ट्रिप कापायची एक रीत असते. बॅच आणि एक्सपायरी स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेली किंवा ठोकलेली असते. कापायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायची. नावाचं आणि तारखेचं टोक शेवटपर्यंत दुकानात राहिलं पाहिजे, म्हणजे उरलेल्या गोळ्या कशाच्या हे कळतं. तुमच्या माणसाला दोनच गोळ्या हव्या असतील तर कापायच्या आधी त्या टोकाचा मोबाइलवर फोटो काढू द्या असं सांगा. पैसे लागत नाहीत. कागदी पाकिटात सुट्या गोळ्या देत असतील तर पाकिटावर औषधाचं नाव, ताकद, बॅच, एक्सपायरी पेनाने लिहून घ्या. आणि बिल द्यायचं की नाही ही दुकानदाराची मर्जी नाही. औषध कितीही रुपयांचं असो, विक्री बिलानेच व्हायला हवी असा नियम आहे.

एक विनंती मात्र आहे. प्रतिजैविकं अशी दोन-दोन घेऊ देऊ नका. बरं वाटलं की बंद, पुन्हा ताप आला की पुन्हा दोन, असं झालं की जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागायचंच नाही, एवढी एक खूण सगळ्यांना सांगून ठेवा.

मोकळीवाट

फोटोचं जमण्यासारखं आहे. सांगतो सगळ्यांना.

अबोली२२

मला काउंटरवरच्या दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहायचंय. माझ्या आईला संधिवात आहे. तिला मेथोट्रेक्सेट आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायचं, आणि बाकीच्या दिवशी फोलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या लहानशा, पिवळ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीत मेथोट्रेक्सेटपुढे इंग्रजीत आठवड्यातून एकदा असं दोन अक्षरांत लिहिलं होतं. नेहमीच्या दुकानात औषध नव्हतं म्हणून भाऊ दुसरीकडे गेला. तिथल्या मुलाने दोन्ही पाकिटांवर सरसकट १-०-० लिहून दिलं. आई शिस्तीची, जे लिहिलंय ते घेणारी. तिने रोज सुरू केलं.

आईच्या तोंडात फोड आले, पाणीसुद्धा गिळवेना. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या. दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बरी आहे. पण त्या मुलाच्या शेजारी भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं, आणि तो माणूस दुकानात नव्हता, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

कृष्णाकाठ

अबोली, वाचून पोटात गोळा आला. आई सावरल्या हे फार बरं झालं.

मेथोट्रेक्सेट रोज घेतलं जाणं ही जगभर माहीत असलेली, माणसं दगावलेली चूक आहे. म्हणून त्याला वेगळी वागणूक द्यावी लागते. आमच्याकडे ते फोलिक ॲसिडच्या जवळपाससुद्धा ठेवत नाही, वेगळ्या खणात असतं आणि खणावर लाल चिठ्ठी असते. देताना विचारायचं, "वार कुठला?" पेशंटने वार सांगितला की तो पाकिटावर अक्षरात लिहायचा: "फक्त रविवारी". आकड्यांत लिहायचंच नाही. मग पेशंटकडूनच परत म्हणवून घ्यायचं. डॉक्टरांनी चिठ्ठीत वार लिहिला तर सगळ्यांचंच काम सोपं होईल. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा. अंदाजाने औषध द्यायचं नाही, गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल.

आणि फार्मासिस्ट दुकानात नसेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध द्यायचंच नाही, ते त्याने स्वतः किंवा त्याच्या नजरेखाली दिलं पाहिजे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांप्रमाणे कामावर असताना अंगात पांढरा कोट आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला हवा. तुम्ही काउंटरवर सरळ विचारू शकता, "फार्मासिस्ट कोण आहेत?"

माणदेशी

मी पण फार्मासिस्ट, तालुक्याच्या गावी. कृष्णाकाठ ताईंचं म्हणणं पटतं, पण शहरातून दिसत नाही ते लिहितो. प्रमाणपत्र भाड्याने लावणं ही आमच्या धंद्याला लागलेली कीड आहे. डी. फार्म. झालेल्या पोराला महिन्याला थोडे पैसे मिळतात, तो पुण्याला भलतीच नोकरी करतो आणि इथं त्याच्या नावावर दुकान चालतं. मालकाला पूर्ण पगाराचा फार्मासिस्ट परवडत नाही असं तो म्हणतो. त्याच दुकानात गिऱ्हाइकाला वीस टक्के सूट मात्र परवडते. सूट कुठून येते याचा विचार करा. फार्मासिस्टचा पगार वाचवून येते, बिलाशिवायच्या मालातून येते.

मी दिवसभर दुकानात बसतो म्हणून माझ्याकडे सूट नाही. लोक समोरच्या दुकानात जातात. तरी मी शेड्यूल एच वनचं रजिस्टर रोजच्या रोज लिहितो. २०१४ पासून हे लागू आहे. क्षयाची औषधं, वरच्या दर्जाची प्रतिजैविकं, झोपेच्या काही गोळ्या, असं काही दिलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. शेड्यूल एक्सला, म्हणजे त्याहून कडक नियमांच्या औषधांना, तर चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षं ठेवायची. ज्याचा फार्मासिस्ट पुण्यात आहे तो हे काय लिहिणार?

कृष्णाकाठ

माणदेशी दादा, एकेक शब्द खरा आहे. सूट देणाऱ्या पाटीपेक्षा पांढरा कोट बघून दुकान निवडायला लोकांनी शिकलं पाहिजे.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये फार्मासिस्ट आहे, शिक्षण पुण्यात झालं. तुलनेसाठी दोन गोष्टी. इथे प्रत्येक डब्यावर पेशंटच्या नावाचं लेबल लागतं, त्यावर कसं घ्यायचं ते पूर्ण वाक्यात छापलेलं असतं. अबोलींच्या आईच्या गोळ्यांवर "दर सोमवारी" असं छापून आलं असतं. त्या दिवशी जबाबदार फार्मासिस्ट कोण, त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक दुकानात सगळ्यांना दिसेल असा लावावाच लागतो.

चुका इथेही होतात. पण पेशंटपर्यंत जायच्या आधी पकडलेली चूकसुद्धा वहीत लिहायची पद्धत आहे, आणि महिन्याने सगळे मिळून ती वही वाचतात. कुठल्या दोन डब्यांची अदलाबदल वारंवार होतेय हे त्यातून दिसतं. पूर्वी हातून नकळत झालेल्या चुकीलाही खटल्याची भीती होती, म्हणून लोक लपवायचे. २०१८ मध्ये कायदा बदलून प्रामाणिक चुकीला बचाव दिला, तो नोंदी वाढाव्यात म्हणूनच. भारतात एखाद्या दुकानात अशी वही ठेवतात का?

माणदेशी

लीड्सकर, इथं चूक झाली म्हटलं की पहिला प्रश्न "कोणी केली?" पोरगं घाबरून गप्प बसतं. वहीची कल्पना चांगली आहे, मी सुरू करतो.

खाडीपलीकडे

इन्सुलिनबद्दल कुणी सांगेल का? आमच्या कोकणात पावसाळ्यात वीज दीड-दोन दिवस जाते. दुकानातल्या फ्रिजचं काय होत असेल? वडिलांची साखर जुलैत एकदम वाढते, डोस तोच, जेवण तेच.

कृष्णाकाठ

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं. दुकानात विचारा, फ्रिजमध्ये कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आहे का आणि त्याची वही दाखवाल का. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून सही करतात. रात्री वीज गेली तर सकाळी कमाल आकडा ते सांगतो, म्हणून हा थर्मामीटर साध्यापेक्षा उपयोगी. वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर नाहीतर निदान बर्फाच्या पिशव्यांची पेटी हवी. त्या फ्रिजमध्ये दूध, कोल्ड्रिंक दिसलं तर समजा की दार दिवसभर उघडझाप होतंय.

गारठण्याची भीती उष्णतेइतकीच आहे. बर्फाला चिकटून किंवा फ्रीझरजवळ राहून इन्सुलिन गोठलं की ते वितळल्यावरही निकामी. दिसायला मात्र अगदी ठीक असू शकतं. घरी नेताना बर्फाची पिशवी आणि इन्सुलिन यांच्यामध्ये कापड घाला. घरी फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा. वापरातलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण सोबतच्या कागदावर तुमच्या प्रकाराचे दिवस बघा. आणि जुलैतल्या साखरेबद्दल डॉक्टरांना हे विजेचं आवर्जून सांगा. नव्या कुपीने साखर उतरली तर कारण सापडलं.

सहज_वाचक

स्ट्रिपवर क्यूआर कोड असतो तो स्कॅन केला की औषध खरं आहे हे कळतं ना? मग बॅचची एवढी कटकट कशाला?

कृष्णाकाठ

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडांना तो सक्तीचा आहे, सगळ्या औषधांना नाही. स्कॅन केल्यावर औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत आणि परवाना क्रमांक दिसायला हवा. दिसलेली बॅच आणि स्ट्रिपवर छापलेली बॅच जुळते का ते बघा. कोडसुद्धा नक्कल करून छापता येतो. म्हणजे तिथेही शेवटी बॅचच बघायची आहे.

संत्रानगरी

ताई, समजा शंका आली. औषधाचा रंग वेगळा, चव वेगळी, किंवा घेतल्यावर अंगावर पुरळ. मग नेमकं काय करायचं?

कृष्णाकाठ

घेणं थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. बाटली किंवा स्ट्रिप धुऊन, पुसून ठेवू नका, उरलेल्या औषधासकट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा, बिल त्यातच. औषधाच्या दर्जाबद्दल शंका असेल तर एफडीए महाराष्ट्राचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. औषधाने त्रास झाला असेल तर गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाचा १८००-१८०-३०२४, तिथे रुग्ण स्वतः नोंद करू शकतो, डॉक्टरच हवा असं नाही. दोन्हीकडे औषधाचं नाव आणि उत्पादक यांच्याबरोबर बॅच विचारतात.

अबोली२२

आमच्या इथल्या दुकानाच्या बिलावर बॅचचा रकाना आहे पण तो कोराच येतो. काय म्हणायचं त्यांना?

कृष्णाकाठ

म्हणजे माल संगणकात चढवताना ते बॅच भरत नाहीत. आत्तापुरतं, स्ट्रिप समोर धरून पेनाने रकाना भरून द्या म्हणा आणि खाली सही शिक्का घ्या. पुढच्या महिन्यातही कोराच आला तर दुकान बदला.